वल्ह्याचें गाणें आणि जात्याची ओवी

समुद्र न पाहिलेल्या मुलांनीं समुद्राचें गाणें गावें, यांत वरवर पाहतां कांहींशी विसंगति वाटते. वर्ध्याहून मुंबईचा समुद्र आगगाडीनें सुमारें साडेसातशें किलोमीटर दूर. आणि आपल्या धाम व वणा या नद्या उन्हाळ्यांत पायींच ओलांडतां येतात. तरीहि आपल्या शाळेंत नाताळच्या कार्यक्रमांत 'मायकेल, रो द बोट अशोर' हें नावाड्यांचें प्रसिद्ध इंग्रजी गीत दरवर्षीं मोठ्या उत्साहानें म्हटलें जातें. मायकेलनें नाव वल्हवीत किनाऱ्यास आणावी अशी त्यांत विनवणी आहे. चाल सोपी, ध्रुपद 'हालेलूया' या एका शब्दाचें, आणि टाळ्यांचा ठेका आपोआप धरला जाणारा. त्यामुळें पांचवीच्या मुलांपासून दहावीच्या मुलांपर्यंत सर्वांना तें आवडतें. परंतु हें गीत प्रथम कोणीं, कोठें व कोणत्या स्थितींत म्हटलें, हें त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल. तें सांगावें, आणि त्याच्या शेजारीं आपल्या घरचें एक जुनें गाणें ठेवून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम नावाड्यांच्या गाण्यांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत मालाची वाहतूक शिडाच्या जहाजांनीं होत असे. जहाजाचा जड नांगर वर घेण्यासाठीं एक उभा रहाट असे. त्याला आडवे दांडे बसवून खलाशी ते छातीनें रेटीत गोल फिरत. शिडें चढवावयाचीं म्हणजे जाड दोर हातांनीं ओढावे लागत. जहाजांत पाणी शिरल्यास तें पंपानें तासन् तास उपसावें लागे. अशा वेळीं दहा माणसांनीं दहा वेळां निरनिराळे हिसके दिले तर दोर तसूभरहि सरकत नाहीं. पण दहांनीं एकाच क्षणीं जोर केला तर तोच दोर हातभर येतो. तो क्षण सर्वांना एकदम कळावा म्हणून एकजण पुढें होऊन एक ओळ म्हणे व बाकीचे तिला झील धरीत. आणि त्या झिलींतील ठराविक शब्दावर सर्वांचें बळ एकवटे. या गाण्यांना इंग्रजींत 'शांटी' म्हणतात. नांगराचें काम लांब चाले म्हणून त्याचीं गाणीं लांब, कथानकाचीं. दोराचा हिसका थोडक्यांत आटपे म्हणून त्याचीं गाणीं आंखूड व तुटक. म्हणजे कामाच्या मापानें गाणें बेतलें जाई. पुढें वाफेचीं जहाजें आलीं, रहाट यंत्रानें फिरूं लागले, आणि जें हत्यार होतें तें करमणुकीपुरतें उरलें.

ही रीत एकट्या विलायती खलाशांची नव्हे. आपल्या कोंकणपट्टीवर कोळी बांधव भरलेलें जाळें किंवा होडी ओढतात तेव्हां एकजण हाक देतो व बाकीचे ओ देतात. समुद्र नसलेल्या आपल्या मुलखांतहि तीच गोष्ट होती. विहिरीवर मोट चाले त्या काळीं मोटकरी बैलांना धावेवरून उतरवितांना गात असे. मोट थारोळ्यांत रिती झाली कीं त्याचा चरण पुरा होई, आणि बैल मागें सरूं लागले कीं नवा चरण सुरू होई. ज्याला ऐकूं येत असे तो शेजारच्या शेतांतूनहि सांगे कीं, अमक्याच्या पाटाला पाणी चाललें आहे. सुगीच्या वेळीं कापणीच्या ओळींतून भलरी म्हणत. विजेचा पंप आला आणि मोटेचें गाणें थांबलें, जसें वाफेच्या जहाजावर खलाशांचें थांबलें. दोन्ही ठिकाणीं कारण एकच: गाणें कामाला जोडलेलें होतें, आणि काम गेलें.

आतां 'मायकेल'च्या गीताकडे वळूं. तें मोठ्या जहाजावरचें नाहीं, वल्ह्याच्या होडीवरचें आहे; पण शांटीची ती सख्खी बहीण होय. आणि आपल्या वर्धा जिल्ह्यानें विशेष लक्षांत ठेवावें असें एक नातें या सर्व गाण्यांच्या मुळाशीं आहे. तें म्हणजे कापसाचें.

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील मोबील व न्यू ऑर्लिन्स या बंदरांतून कापूस इंग्लंडला जात असे. जहाजाच्या पोटांत अधिकाधिक गांठी मावाव्या म्हणून मजूर मोठमोठ्या स्क्रूंनीं त्या दाबून बसवीत. तें काम अतिशय कष्टाचें असे व तें गाण्याच्या तालावर चाले. कृष्णवर्णीय मजुरांचीं हीं गाणीं तेथें हिवाळ्यांत कामास राहणाऱ्या खलाशांनीं उचललीं आणि जगभरच्या जहाजांवर नेलीं. कापूस दाबण्याच्या गाण्याचा एक नमुना तर १८३८ सालीं अलाबामांत राहिलेल्या फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें टिपून ठेविलेला आहे. याप्रमाणें शांटीच्या अनेक उगमांपैकीं एक मोठा उगम कापसाच्या गांठींत आहे.

साउथ कॅरोलायना संस्थानाच्या किनाऱ्यालगत सेंट हेलेना नांवाचें एक बेट आहे. लांब धाग्याच्या उंची कापसासाठीं हा बेटांचा प्रदेश प्रसिद्ध होता, व तो कापूस पिकविणारे लोक गुलाम होते. बेटावरून बेटावर जावयाचें तर होडी हेंच वाहन. आणि वल्हीं मारणारे हातहि त्यांचेच. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. त्या वर्षाच्या ७ नोव्हेंबरला उत्तरेच्या आरमारानें पोर्ट रॉयलची खाडी जिंकतांच मळ्यांचे मालक घरेंदारें टाकून पळाले, आणि सुमारें दहा हजार गुलाम मागें राहिले. त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविण्यासाठीं १८६२ पासून उत्तरेकडून शिक्षक व मिशनरी येऊं लागले. लॉरा टाउन या बाईंनीं त्याच वर्षीं तेथें पेन स्कूल ही शाळा काढली. शार्लट फोर्टन ही फिलाडेल्फियाची कृष्णवर्णीय शिक्षिका त्या ऑक्टोबरांत संध्याकाळच्या वेळीं होडींतून या बेटावर आली. वल्हीं मारणाऱ्या माणसांनीं वाटेंत म्हटलेल्या भक्तिगीतांचें वर्णन तिनें लिहून ठेविलें असून तें १८६४ सालीं छापलें गेलें.

चार्ल्स पिकार्ड वेअर हा हार्वर्डचा पदवीधर याच बेटावर मळ्यांची देखरेख करण्यास आला होता. त्यानें ऐकलेलीं गाणीं स्वरांसह कागदावर उतरवून घेतलीं. त्यांत 'मायकेल'चें गीत होतें. त्याचा चुलतभाऊ विल्यम फ्रान्सिस ॲलन व ल्यूसी मॅकिम गॅरिसन ही संगीतज्ञ स्त्री यांच्यासह त्यानें १८६७ सालीं १३६ गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. अमेरिकेंतील गुलामांच्या गीतांचा तो पहिला ग्रंथ. आपण आज गातों तें रूप पुष्कळ पुढचें आहे; १९६१ सालीं हायवेमेन या गायकमंडळानें केलेल्या ध्वनिमुद्रणामुळें तें गीत जगभर पोंचलें. पण त्याचें मूळ त्या खाडींतल्या होडींत आहे.

या संग्रहाच्या प्रस्तावनेंत वेअरनें दिलेली एक लहानशी माहिती मला सर्वांत मोलाची वाटते. होडींत कोणतें गाणें केव्हां म्हणत, हें त्यानें नोंदविलें आहे. कांहीं गाणीं चपळ चालीचीं, मोकळ्या पाण्यासाठीं. आणि होडींत भार जास्त असे किंवा भरती-ओहोटीचा ओघ विरुद्ध असे तेव्हां जीं दोन-तीन गाणीं निघत, त्यांत हें एक होतें. म्हणजे ज्या गीतावर आपण टाळ्या वाजवितों तें आनंदाच्या वेळचें गाणें नव्हतें. उलट्या ओघांत, जड नावेंत, थकलेल्या बाहूंना पुढचा एक टोला मारतां यावा म्हणून तें होतें.

त्यांतील मायकेल कोण हें बायबल वाचणाऱ्याला सांगावयास नको. तो आद्यदेवदूत मीखाएल. गीतांत गब्रिएलाचें शिंग आहे, यार्देन नदी आहे. यार्देनेच्या पलीकडे वचनदत्त देश. इस्राएल लोक मिसरच्या दास्यांतून निघून जेथें पोंचले तो. अक्षर न शिकलेल्या त्या माणसांना ही कथा ऐकून ठाऊक होती, आणि ती आपलीच आहे हें त्यांनीं ओळखलें. समोरची खाडी ओलांडतां ओलांडतां ते मनानें यार्देन ओलांडीत होते. हातांतील वल्हें मालकाचें होतें. पण नाव ज्याला हांकावयास सांगितली तो मालकाचा नोकर नव्हता. माझ्या मतें या गीताचा सगळा अर्थ एवढ्यांत सांठविलेला आहे.

अशा गाण्यांविषयीं एक गैरसमज त्या काळींहि होता. गुलाम गातात त्या अर्थीं ते सुखी असले पाहिजेत, असें मळेवाले म्हणत. स्वतः गुलामगिरींतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसनें १८४५ सालीं आपल्या आत्मवृत्तांत याला उत्तर दिलें. त्याचें म्हणणें असें कीं, गुलाम सर्वांत अधिक गातो तो दुःखाच्या वेळीं. अश्रूंनीं जसें मन हलकें होतें तसें गाण्यानें होतें. १३७ व्या स्तोत्रांतील बाबेलच्या नदीकांठचे बंदिवान आठवावे, किंवा फिलिप्पैच्या तुरुंगांत मध्यरात्रीं स्तोत्रें गाणारे पौल व सीला आठवावे. त्यांच्याहि कंठांतून जें निघालें तें सुखाचें गाणें नव्हतें.

आतां त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललें होतें तें पाहूं. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं, अमेरिकेचा कापूस अडला, आणि लँकाशायरच्या गिरण्या बंद पडूं लागल्या. इंग्रज व्यापारी हिंदुस्थानच्या कापसामागें लागले. हिंगणघाटचा कापूस त्याच्या चांगल्या धाग्याबद्दल आधींच नांवाजलेला होता. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा १८६२ सालीं, ऐन या धामधुमींत, नागपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला. वर्धा शहर १८६६ सालीं पालकवाडी या खेड्याच्या जागीं वसलें. आणि १८६७ च्या आरंभीं लोहमार्ग नागपुरास पोंचला. तत्पूर्वीं कापूस जाई तो बैलगाड्यांच्या रांगांनीं. युद्ध चाललें तोंवर भाव चढत गेला. १८६५ सालीं युद्ध संपलें व भाव कोसळला. मुंबईंतील मोठमोठ्या पेढ्या त्यांत बुडाल्या.

विद्यार्थीमित्रांनो, हा हिशेब नीट मांडून पाहा. सेंट हेलेनाच्या होडींत गाणाऱ्या माणसांचा कापूस अडला म्हणून आपल्या काळ्या जमिनींतील कापसाला भाव आला. आणि त्यांच्या देशांत शांतता झाली तेव्हां आपला भाव उतरला. त्यांचें नांव आपल्या पूर्वजांनीं ऐकलें नव्हतें, त्यांनीं आपलें ऐकलें नव्हतें. पण जगाच्या एका टोकाच्या शेतकऱ्याचें सुखदुःख दुसऱ्या टोकाच्या मजुराशीं असें बांधलेलें असतें. दिवाळीनंतर आपल्या शाळेंतील कित्येकांच्या माता वेचणीस जातात. दिवसभर वांकून बोंडें वेचावयाचीं, बोंडाच्या टोंकदार कडांनीं बोटें ओरखडून घ्यावयाचीं, आणि संध्याकाळीं वजनांवर मजुरी घ्यावयाची. हें ज्यांच्या घरांत आहे त्या मुलांना तें गीत परक्यांचें वाटण्याचें कारण नाहीं.

गाणें टिकतें तें कोणी तरी लिहून घेतें म्हणून, हें आपल्याकडेहि खरें आहे. वेअर त्या बेटावर गाणीं उतरून घेत होता तेव्हां नागपुरास स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी गोंड लोकांची भाषा व गीतें यांचा संग्रह करीत होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यांत बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापले, आणि गोंडांचा पूर्वज लिंगो याची परधानांनीं गाइलेली कथा त्यामुळें ग्रंथांत आली. एका वर्षाच्या अंतरानें निघालेले हे दोन ग्रंथ, एक अमेरिकेंत व एक नागपुरांत, माझ्या मनांत नेहमीं शेजारीं शेजारीं उभे राहतात.

आणि आतां आपल्या घरांतलें गाणें. चालुक्य राजा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत महाराष्ट्रांतील स्त्रिया धान्य कांडतांना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ओवी ही मुळांत मुसळाच्या ठेक्याची. तीच जात्याला लागली. जात्याचा खुंटा ओढतांना हाताचा एक फेरा व ओवीचा एक चरण यांची सांगड असते. दोघीजणी समोरासमोर बसल्या तर एकीनें ओवी घालावी व दुसरीनें ती उचलावी. खलाशांच्या दोराची जी युक्ति तीच येथें, फक्त पहांटेच्या अंधारांत व दोन बायकांत. सासरीं जें कोणाला सांगतां येत नसे तें बाया जात्याला सांगत. भाऊ, माहेर, पंढरी, दुष्काळ, मेलेलें मूल. सगळें त्या पिठांत मिसळलें जाई. त्यांनाहि लोक म्हणत कीं, गातात त्या अर्थीं सुखी आहेत.

माझ्या आजीच्या घरीं, गांवांत पिठाची गिरणी आल्यावरहि, तूर भरडण्यापुरतें जातें राहिलें होतें. पहिली ओवी देवाला, मग आईबापांना, मग भावाला, असा जुना क्रम तिनें कधीं मोडला नाहीं. तिच्या आईनें बाप्तिस्मा घेतला तेव्हां पहिल्या ओवींत प्रभु येशूचें नांव आलें, एवढाच फरक झाला. पुढच्या ओव्या होत्या तशाच राहिल्या. धर्म पालटला, खुंटा तोच, चाल तीच. ती वारली तेव्हां मी सात वर्षांचा होतों. तिच्या शेंकडों ओव्यांपैकीं तीन माझ्या आईच्या स्मरणांत आहेत. जातें अजून अंगणांत निंबाखालीं पडलेलें आहे, पण दगड कांहीं सांगत नाहीं.

आमच्यांतील कांहीं शिकलेलीं माणसें म्हणतात कीं, ओवी हें अडाणी बायकांचें गाणें, देवळांत व शाळेंत तिचें काय काम? त्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें. कांडणाच्या याच ओवीला ग्रंथाचा पेहराव चढवून ज्ञानेश्वरांनीं १२९० सालीं गीतेची टीका सांगितली. आणि १५७९ सालीं जहाजानें गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांना मराठी जनांस ख्रिस्ताची कथा सांगावयाची होती, तेव्हां त्यांनीं इंग्रजी किंवा लॅटिन वृत्त शोधलें नाहीं. ते ओवीकडेच गेले. १६१६ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें 'क्रिस्तपुराण' सुमारें अकरा हजार ओव्यांचें आहे. वल्ह्याचें गाणें जसें उपासनेचें गीत झालें, तसें मुसळाचें गाणें पुराण झालें. प्रार्थना वरून खालीं उतरते असें आपण समजतों; पुष्कळदां ती श्रमणाऱ्या हातांतून वर चढते.

पुण्याकडील गांवोगांव हिंडून हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. एवढें काम एका शाळेच्या हातून होणार नाहीं. पण एका वहीचें होईल. आपल्या गांवीं सत्तरी ओलांडलेल्या ज्या आजी आहेत त्यांतील पुष्कळांच्या ओठांवर अजून जात्याच्या ओव्या आहेत, आणि कांहीं आजोबांना मोटेचें गाणें येतें. त्यांच्याजवळ हीं शेवटचीं माणसें आहेत. नंतर विचारावयास कोणी उरणार नाहीं. या उन्हाळ्याच्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें व विद्यार्थिनीनें निदान पांच ओव्या उतरून आणाव्या. शब्द जसा उच्चारला तसाच लिहावा. वऱ्हाडी वळण पुस्तकी करूं नये. कोणती ओवी कोणत्या कामाला व कोणत्या वेळीं म्हणत, हें विचारून शेजारीं टिपावें, कारण वेअरनें तसें टिपलें म्हणूनच आपल्याला उलट्या ओघाची गोष्ट कळली. सांगणारीचें नांव तिची परवानगी घेऊन लिहावें. ख्रिस्ती घर असो, बौद्ध असो, हिंदु असो कीं मुसलमान. जात्यानें कोणाचें पीठ वेगळें केलें नाहीं.

पालकांनाहि एक विनंती आहे. मूल वही घेऊन समोर बसेल तेव्हां, "आतां कशाला तें जुनें?" असें म्हणूं नये. आजी लाजेल, म्हणेल, मला कांहीं येत नाहीं. अशा वेळीं तिला नुसतें बसवून विचारण्यापेक्षां तिच्या हातीं मूठभर तूर द्यावी व जात्याचा खुंटा द्यावा. हात फिरूं लागला कीं गाणें आठवतें.